वर्धा येथील चरखा संघाचा १९३५ चा मजुरीविषयक ठराव : न्याय्य वाटपाच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना :
अनेक घटक एकत्र येऊन जो लाभ निर्माण करतात, त्याचे वाटप कोणत्या तत्त्वाने व्हावे, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. वर्धा येथे तो १९३५ मध्ये खादीच्या निमित्ताने उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्या वर्षीच्या अखिल भारत चरखा संघाच्या ठरावाचा सहकारी खेळ सिद्धांताच्या आधारे विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
चरखा संघाची स्थापना सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे झाली. खादीच्या किमतीत शेतकरी, पिंजारी, सूत कातणाऱ्या स्त्रिया, विणकर व विक्रीव्यवस्था या सर्वांचा वाटा असे. त्यांपैकी सर्वांत कमी मोबदला कातणाऱ्या स्त्रियांना मिळे. विणकराला गिरणीचे सूत विणण्याचा पर्याय होता. कातणारीला मात्र रिकाम्या वेळात दुसरे काम क्वचितच मिळे. १९३४ मध्ये महात्मा गांधी वर्ध्यास आले. आठ तासांच्या कताईस आठ आणे मजुरी असावी, असा आदर्श त्यांनी १९३५ मध्ये मांडला. त्याच वर्षी विनोबा भावे यांनी नालवाडी येथे केवळ कताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्धा येथे संघाने ठराव केला. आठ तासांच्या कार्यक्षम कामाबद्दल शास्त्रीय प्रमाणानुसार किमान अन्न व वर्षाला २० वार कापड मिळेल एवढी तरी मजुरी असावी, असे त्यात ठरले. आठ आण्यांचा आकडा मात्र त्यात बंधनकारक झाला नाही.

सैद्धांतिक विवेचन :
लॉइड शॅप्ले यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार प्रत्येक घटकाचा वाटा त्याच्या सरासरी सीमांत योगदानाइतका असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक विणकर व दोन कातणाऱ्या आहेत. विणकर आणि किमान एक कातणारी एकत्र आल्यास सहा आणे लाभ होतो. तिघे ज्या सहा क्रमांनी एकत्र येऊ शकतात, त्यांची सरासरी काढल्यास विणकरास चार आणे व प्रत्येक कातणारीस एक आणा येतो. कोणत्याही गटाला फुटून अधिक मिळवता येऊ नये, अशी अट घातल्यास तर सर्व सहा आणे विणकराकडेच जातात. कारण कातणारी आवश्यक असली तरी तिच्या जागी दुसरी सहज मिळते. अर्थात, योगदान अथवा सौदाशक्ती यांवर आधारलेले वाटप संख्येने अधिक असलेल्या दुर्बलांना न्याय देईलच असे नाही.

वर्ध्याच्या ठरावाने नेमका हा आधारच बदलला. कातणारीचा वाटा तिच्या सौदाशक्तीवरून नव्हे, तर तिच्या गरजेवरून ठरविण्यात आला. तथापि, वाढीव मजुरीचा भार अखेर ग्राहकावर पडणार होता आणि गिरणीचे स्वस्त कापड घेण्यास तो मोकळा होता. म्हणूनच प्रत्येक घराने वस्त्रस्वावलंबी व्हावे, यावर संघाने त्याच वेळी भर दिला. स्वतःसाठी कातणाऱ्या कुटुंबाला ग्राहकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.

निष्कर्ष :
१. वाटपात दुर्बल घटकाचा वाटा कमी असणे हे त्याच्या श्रमाचे मूल्य कमी असल्याचे प्रमाण नव्हे. पर्यायांचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण असते.
२. १९३५ च्या ठरावाने गरजेवर आधारित किमान मजुरीचे तत्त्व स्वीकारले. किमान वेतन कायदा त्यानंतर १९४८ मध्ये आला.
३. न्याय्य वाटप टिकण्यासाठी लाभ निर्माण करणारे सर्व घटक, विशेषतः ग्राहक, त्या सहकार्यात स्वेच्छेने राहणे आवश्यक असते. वर्ध्याच्या प्रयोगाचे बळ आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत.