चमचा, मेणबत्ती आणि लघवीतलं प्रथिन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, “किडनीचा कॅन्सर साध्या लघवीच्या तपासणीत कळेल का हो?” प्रश्न सोपा वाटतो. उत्तरासाठी मात्र पावणेदोनशे-दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

1827 साल. लंडनच्या गायज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत असे. अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर होतो तशी ती गढूळ झाली, की मूत्रपिंडं बिघडली आहेत असं तो समजे. त्याच्या आधीही काहींनी हे पाहिलं होतं, पण आजाराशी आणि शवविच्छेदनात दिसलेल्या मूत्रपिंडांशी त्याची सांगड घातली ती ब्राइटनं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. 1845च्या नोव्हेंबरात हेन्री बेन्स जोन्स या तरुण डॉक्टर-रसायनतज्ज्ञाकडे एक नळी आली. सोबत थॉमस वॉटसन यांची छोटीशी चिठ्ठी. सार एवढंच, की हे आहे तरी काय? लघवी होती लंडनमधल्या एका किराणा व्यापाऱ्याची. वय पंचेचाळीसच्या आसपास, हाडं असह्य दुखत होती. लघवीत नायट्रिक आम्ल घातलं की साका बसे, तापवलं की तो विरघळे आणि थंड झालं की परत हजर! अंड्याचा बलक असं कधी करत नाही. एकदा शिजला की शिजला. म्हणजे हे प्रथिन वेगळंच होतं. तो माणूस 1846च्या पहिल्याच दिवशी गेला. शवविच्छेदनात हाडं ठिसूळ आणि पोखरलेली निघाली, मूत्रपिंडं मात्र वरकरणी ठीक होती.

ही उष्णतेची गंमत आधी टिपली होती रुग्णावर उपचार करणाऱ्या विल्यम मॅकिंटायर यांनी. नाव मात्र लागलं बेन्स जोन्सचं. असो, त्यानं त्या प्रथिनाचं महत्त्व ओळखलं, अशा रुग्णांत ते शोधा असं बजावलं, हेही खरंच.

ते प्रथिन नेमकं काय, हे कळायला 1962 उजाडलं. एडलमन आणि गॅली यांनी दाखवलं, की अस्थिमज्जेच्या कॅन्सरमधल्या पेशी प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या भरमसाट बनवतात आणि त्या लघवीत उतरतात. म्हणजे लघवीत सापडलेली कॅन्सरची ही पहिली खूण किडनीची नव्हतीच! किडनी फक्त वाट होती.

मग किडनीची स्वतःची खूण? इथं 2010 साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मॉरिसी आणि खराश पुढे आले. गंमत बघा, हे भूलशास्त्र विभागातले लोक. त्यांनी दोन प्रथिनं धरली. एक अ‍ॅक्वापोरिन-1, पेशीच्या आवरणातली पाण्याची वाट. अ‍ॅक्वापोरिनच्याच शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरं पेरिलिपिन-2, पेशीतल्या चरबीच्या थेंबांवरचं वेष्टन. निवड विचारपूर्वक होती. किडनीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरच्या पेशी चरबीनं भरलेल्या असतात, म्हणून तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या रिकाम्या, स्वच्छ दिसतात. तो कॅन्सर ज्या नलिकेतून उगवतो, तिथं अ‍ॅक्वापोरिन-1 मुळातच भरपूर असतं. रुग्णांच्या लघवीत दोन्ही वाढलेली निघाली आणि गाठ काढल्यावर खाली आली. 2015मध्ये त्यांनी इतर कारणांसाठी सीटी स्कॅन करायला आलेल्या 720 जणांची लघवी तपासली. तिघांत प्रथिनं वाढलेली होती आणि तिघांच्याही स्कॅनमध्ये मूत्रपिंडात संशयास्पद गाठ दिसली.

हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण आधी जरा हिशेब करू. समजा चाचणी शंभरातल्या नव्याण्णव निरोगी माणसांना बरोबर निरोगी ठरवते. एक लाख निरोगी लोक तपासले, तर हजार जण विनाकारण घाबरणार, स्कॅन करणार. किडनीचा कॅन्सर तसा विरळ, त्यामुळे खरे रुग्ण या हजारांच्या गर्दीत थोडेच. आजही ही तपासणी नेहमीच्या वापरात नाही. बऱ्याच गाठी दुसऱ्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत अचानक दिसतात, आणि लघवीतून रक्त जाणं, कुशीत दुखणं, हाताला गाठ लागणं ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

तर त्या श्रोत्यांना माझं उत्तर: आज नाही. पण लघवीतून रक्त दिसलं, एकदाच दिसलं आणि दुखत नसलं, तरी थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आता प्रश्न घेऊया.