अनुस्फुरक बहुवारिक संवेदक

अतिनील प्रकाश पडताच उजळणाऱ्या आणि विशिष्ट पदार्थाचा रेणू चिकटला की मंदावणाऱ्या किंवा रंग बदलणाऱ्या बहुवारिकांवर (पॉलिमर) आधारलेली शोधसाधने. त्यांचे खरे बळ साखळीत आहे. एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या लांब साखळीतून प्रकाशाने चेतवलेली ऊर्जा सरकत जाते. वाटेत एकाच जागी परका रेणू भेटला, तरी मोठा भाग विझतो. सुट्या रंगद्रव्यात एक रेणू एकालाच विझवतो. साखळीमुळे होणारे हे संवेदनावर्धन अमेरिकेतील टिमथी स्वॅगर व चाऊ यांनी १९९५ मध्ये दाखवले. पुढे स्वॅगर यांच्या गटाने याच तत्त्वावर टीएनटी या स्फोटकाची वाफ ओळखणारे पातळ थर बनवले.

पुण्यातील काम आपल्याला अधिक जवळचे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. के. आशा यांच्या गटाने पाण्यात विरघळणारे पॉलिफ्लुओरीन हे बहुवारिक वापरून मानवी रक्तद्रवातील मुक्त बिलिरुबिन ओळखले (२०१५). बिलिरुबिन साखळीची निळी ऊर्जा शोषून घेते, म्हणून तिची चमक घटते. नवजात बालकांच्या काविळीत हेच मुक्त बिलिरुबिन मेंदूला इजा करू शकते, त्यामुळे या शोधाचे मोल मोठे. आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), पुणे येथे सुजित घोष यांच्या गटाने बहुवारिक साखळीऐवजी धातू-सेंद्रिय जाळीच्या अनुस्फुरणाने पिक्रिक आम्ल हे स्फोटक वेगळे ओळखले (२०१३).