गावचे आकडे गावापुढे

कागद आणि दौत घेऊन दारी आलेला मनुष्य सारा वाढवावयासच आलेला असावयाचा, ही समजूत गुजरातेतील शेतकऱ्याच्या मनात उगीच रुजलेली नव्हती. १९१८ साली खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला, तो मुळात एका आकड्यावरून झाला. पीक चार आण्यांहून कमी उतरले तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. परंतु पीक किती आणे उतरले हे ठरविण्याचा अधिकार मात्र सरकारी अंमलदारांचा. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर ही मंडळी त्या भागात चौकशी करून आली. गुजरात सभेच्या कार्यकर्त्यांनीही गावोगाव फिरून पिकाचा अंदाज घेतला. आणेवारी ही केवळ कचेरीची बाब नसून ज्याचे शेत त्यालाही तिच्याविषयी काही सांगावयाचे असते, ही गोष्ट त्या वेळी ठासून मांडली गेली.

दहा वर्षांनी बारडोलीत तोच प्रश्न अधिक मोठ्या रूपाने उभा राहिला. नव्या जमाबंदीत सरकारने तेथील सारा २२ टक्क्यांनी वाढविला होता. लढ्यानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी नेमण्यात आली, तेव्हा असे आढळून आले की, ज्या खंडाच्या आकड्यांवर ही सारी इमारत उभी केली होती, त्यांची जमाबंदी अधिकाऱ्याने जागेवर जाऊन नीट छाननी केलेलीच नव्हती. वाढ ६ टक्क्यांच्या आसपास खाली आली. लढ्याचे श्रेय वल्लभभाईंना मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु चौकशीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडण्यासाठी नरहरी परीख, महादेव देसाई यांच्यासारख्यांनी जे हिशेब जुळविले, त्यांची आठवण त्या मानाने कमी काढली जाते.

गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मातर तालुक्याची पाहणी केली ती या पार्श्वभूमीवर. १९२० साली असहकाराच्या लाटेत स्थापन झालेली ही संस्था सरकारी पदव्या देत नव्हती, आणि तिच्या विद्यार्थ्याने खेडे पुस्तकातून नव्हे तर खेड्यात जाऊन शिकावे अशी अपेक्षा होती. पाहणीची धुरा मात्र ज्यांच्याकडे आली, त्या जे. सी. कुमारप्पांना खेड्याची ओळख फारशी नव्हती. तंजावरचा जन्म, लंडनला हिशेबतपासनिसाचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली अर्थशास्त्राचा अभ्यास. डॉ. आंबेडकर त्यांच्या आधी ज्या गुरूपाशी शिकले, तेच हे सेलिग्मन. हिंदुस्थानचे दारिद्र्य आणि सरकारी खर्च यांवर कुमारप्पांनी लिहिलेला प्रबंध गांधीजींच्या पाहण्यात आला आणि मे १९२९ मध्ये साबरमतीला दोघांची भेट झाली. प्रबंध 'यंग इंडिया'त छापण्याचे गांधीजींनी कबूल केले. पण त्याबरोबरच एका तालुक्याची आर्थिक पाहणी करण्याचे कामही त्यांनी पुढे ठेवले.

विद्यापीठाचे कुलनायक काका कालेलकर यांना ही योजना प्रथम पसंत पडली नाही. ज्याला गुजराती बोलता येत नाही, तो गुजरातच्या खेडुताला काय विचारणार? आक्षेप अगदीच वावगा नव्हता. पण त्यातील गंमत अशी की, तो घेणारे कालेलकर स्वतः साताऱ्यास जन्मलेले, मातृभाषेने मराठी. गुजराती त्यांनी पुढे इतकी आत्मसात केली की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणू लागले. कुमारप्पा मुंबईला परत गेले खरे, परंतु प्रकरण तेथेच संपले नाही. भाषेची अडचण विद्यार्थी दूर करू शकत होते आणि आकड्यांची शिस्त विद्यार्थ्यांना कुमारप्पांकडून मिळणार होती. कालेलकरांनी त्यांना बोलावून घेतले.

मातर हा साबरमती आणि वात्रक या नद्यांच्या बाजूचा सखल मुलूख. शेजारच्या चरोतराची तंबाखूची श्रीमंती येथे नाही. मुख्य भरवसा भातावर. १९२९ च्या अखेरीपासून १९३० च्या आरंभापर्यंत ही लहानशी तुकडी तालुक्यातील ५४ गावांतून फिरली. जमीन किती, बैल किती, बियाणे आणि मजुरी यांवर काय खर्च होतो, हाती काय उरते, सावकाराचे देणे किती, असे प्रश्न घरोघर विचारावयाचे होते. हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहीत. कर्जाचा आकडा माणूस शेजाऱ्यालाही सांगत नाही, आणि पीक बरे आले असे सांगावे तर सारा वाढण्याचे भय असते. उलट, विचारणारा आपल्याच बाजूचा आहे असे कळले, तर दैन्य वाढवून सांगण्याचाही मोह होतो. देशभक्त चौकशीचा खरा धोका हाच, आणि हिशेबतपासनिसाच्या करड्या नजरेचा उपयोग नेमका येथे होता. शेतकऱ्याला स्वतःच्या श्रमाची किंमत मांडण्याची सवय नसते. बैलाची वर्षाची झीज त्याच्या हिशेबात येत नाही. ती मांडून दाखविली की, जे उत्पन्न म्हणून सरकारी कागदावर दिसते त्यातील बराच भाग उत्पन्न नसतोच. कुमारप्पांनी सिद्ध केलेला अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

तोवर एक वेगळेच वारे सुटले होते. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. निघण्यापूर्वी 'नवजीवन'मधून त्यांनी वाटेवरील गावांना एक यादी दिली होती आणि ही माहिती तयार ठेवावी असे कळविले होते. लोकसंख्या, त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किती, अस्पृश्य किती, शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या, चरखे किती, खादी किती खपते, माणशी मीठ किती लागते, जनावरांना किती, गायी-म्हशी किती, सारा किती, एकराला दर काय, गायरान किती, लोक दारू पितात काय, दुकान किती अंतरावर आहे, अस्पृश्यांसाठी शिक्षणाची काही सोय आहे काय. सत्याग्रहाच्या रणभूमीवर जाणारा सेनापती गायरानाची चौकशी करतो, हे त्या वेळी पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल.

यात्रेच्या पुढे विद्यापीठातील विद्यार्थ्यांची एक तुकडी चालत होती. तिचे नाव 'अरुण तुकडी'. सूर्याआधी अरुण यावा तशी ती मुख्य तुकडीच्या आधी गावात पोचे, मुक्कामाची व्यवस्था पाही आणि गावकऱ्यांना विचारून माहिती गोळा करी. ती सभेपूर्वी गांधीजींच्या हाती पडे. पहिल्याच दिवशी असलाली येथे त्यांनी मांडलेला हिशेब पाहण्यासारखा आहे. वस्ती १७००, तिला मीठ लागणार ८५० मण. २०० बैलांना ३०० मण. एकूण ११५० मण. हे झाले कच्चे मण, म्हणजे पक्के ५७५. पक्क्या मणाला कर सव्वा रुपया. म्हणजे या एका गावाने सरकारास वर्षाला सुमारे ७२० रुपये केवळ मिठाच्या नावाने द्यावयाचे. साम्राज्याच्या अन्यायाविषयी त्या काळी भाषणे थोडी झाली नाहीत. परंतु आपल्याच बैलांची संख्या धरून केलेली ही बेरीज ऐकणाऱ्यांस स्वतः पडताळून पाहता येत होती. सरकारी जमाबंदीचे आकडे तलाठ्याकडून वर वर जात मुंबईच्या सचिवालयात पोचत आणि वाढीव साऱ्याचा हुकूम होऊनच गावी परत येत. येथे ते ज्याचे त्याला त्याच्याच भाषेत परत मिळाले.

१४ मार्चचा रात्रीचा मुक्काम मातरलाच पडला. ज्या तालुक्याचे कर्ज आणि बैल विद्यार्थ्यांनी नुकतेच मोजले होते, त्याच वाटेने यात्रा गेली.

ही मोजदाद पुढे मोजणाऱ्यांवरही आली. २९ मार्चला सुरत जिल्ह्यातील भटगाम येथे गांधीजींच्या ध्यानात आले की, यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणि भाजी येत आहे, आणि रात्रीच्या वाटचालीत एक मजूर डोक्यावर जड किट्सन बत्ती घेऊन धावतो आहे. त्याच महिन्याच्या आरंभी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून त्याचा पगार दरमहा २१,००० रुपये, म्हणजे रोजचा ७०० हून अधिक, आणि हिंदी माणसाची सरासरी मिळकत रोजची दोन आण्यांहूनही कमी, हा हिशेब दाखविला होता. आता तोच हिशेब त्यांनी सभेत, सर्वांदेखत, आपल्या तुकडीला लावला. असा खर्च करणाऱ्यांना व्हाइसरॉयच्या पगाराविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही, असे त्यांनी बजावले, आणि डोक्यावरची ती बत्ती बंद करावयास सांगितली.