उलटं गहाण आणि घरपट्टी

गहाण म्हटलं की सावकार आठवतो. हप्ते थकले की घर गेलं! 2007 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच्या उलट योजना जाहीर झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम केले. साठी ओलांडलेल्या मालकाने घर गहाण ठेवायचं, पण हप्ता बँकेने त्याला द्यायचा. राहायचं त्याच घरात. कर्जदारांपैकी शेवटचं माणूस गेल्यावर वारसांनी व्याजासकट कर्ज फेडायचं, नाहीतर बँक घर विकते. उरलेले पैसे वारसांचे. 2008 साली या हप्त्यांवर आयकर नाही, असंही ठरलं.

घरपट्टी मात्र मालकाकडेच राहिली, विमा आणि डागडुजीसुद्धा. मला तरी हे कलम हप्त्याच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं. पट्टी थकली तर बँक मुदतीआधीच सगळं कर्ज मागू शकते.

खेड्यात अडतं ते कागदावर. बँकेला निर्वेध मालकी लागते. आपल्या पेटीत असतो नमुना 8 चा उतारा. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 साली स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या घराच्या पत्रिकेवर एकट्या नवऱ्याचं नाव लागलंय की दोघांचं, ते या आठवड्यात बघून घ्या.