ईस्टर : रिकाम्या कबरीचा सण

नाताळच्या झगमगाटामुळे इतरांना तोच ख्रिस्ती धर्मीयांचा सर्वांत मोठा सण वाटतो. प्रत्यक्षात तो मान ईस्टरचा. क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, या श्रद्धेवर हा धर्म उभा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी कॅथॉलिक व प्रोटेस्टंट चर्चमध्ये हा सण साजरा होतो.

आदल्या रात्री चर्चमधील दिवे मालवले जातात. बाहेर पेटविलेल्या अग्नीवर एक मोठी मेणबत्ती प्रज्वलित केली जाते. तिच्यावर क्रूस आणि चालू वर्षाचे आकडे असतात. तिची ज्योत हातोहात पसरत अंधारे चर्च उजळते. वसईच्या कॅथॉलिक गावांत हा विधी मराठीतून होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली, त्याचे हे फळ.

या मेणबत्तीचे खरे काम सणानंतरच सुरू होते. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाची मेणबत्ती तिच्यावरून पेटवतात आणि अंत्यविधीत तीच शवपेटीजवळ तेवत ठेवतात. ज्या घरातले माणूस गेले, त्याला ख्रिस्ती आशेचा अर्थ त्या उजेडात शोधावा लागतो, आणि तो सोपा नसतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. कबरीकडे पहाटे निघालेल्या स्त्रियाही चमत्काराच्या अपेक्षेने गेल्या नव्हत्या. मृतदेहाला सुगंधी द्रव्ये लावण्याचे राहिलेले काम त्यांना पुरे करायचे होते.