डिस्क ब्रेकची झीज (स्कूटर)

स्कूटरच्या पुढच्या चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती (डिस्क किंवा रोटर) आणि कॅलिपरमधील दोन पॅड यांच्या घर्षणाने होणारी झीज. पोलादी पट्टीवर चिकटवलेला घर्षणद्रव्याचा थर मुद्दामच चकतीपेक्षा लवकर झिजेल असा असतो. त्यातील खाच बुजत आली, वा थर सुमारे १ ते १.५ मिमी. उरला, की पॅडची जोडी बदलतात. चालढकल केल्यास पट्टी चकतीला घासते, करकर ऐकू येते आणि स्वस्त भागाच्या जोडीला महाग भागही जातो.

गिअरच्या मोटारसायकलीच्या तुलनेत स्कूटरला इंजिनाचा रोध कमी मिळतो, त्यामुळे घाट उतरताना बराचसा भार ब्रेकवर येतो. पावसाळ्यातील चिखल व वाळू चकतीवर वर्तुळाकार चरे पाडतात. सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या, तर एकच पॅड झिजतो. म्हणून फक्त बाहेरचा पॅड पाहून निर्णय घेणे फसवे ठरते.

चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. नवी चकती साधारण ४ मिमी. जाडीची असल्यास ही मर्यादा सुमारे ३.५ मिमी. असते. ब्रेक दाबताना लिव्हर थरथरणे हे चकती वाकल्याचे किंवा तिची जाडी असमान झाल्याचे लक्षण होय.

पॅड झिजताना पिस्टन बाहेर सरकतो आणि टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी उतरते. गळती नसताना तेथे नुसते ऑइल भरणे म्हणजे झिजेची खूण पुसणे. नवे पॅड बसवताना ते जादा ऑइल उतू जाऊन रंग खराब करते.