बंदर आणि मैदान

‘बंदर’ आणि ‘मैदान’ हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. आपल्या भाषेत ते गुण्यागोविंदाने नांदतात. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात मात्र त्या दोघांचं भांडण जुंपलं.

२००८ साली सिॲटलचा लाडका बास्केटबॉल संघ, सुपरसॉनिक्स, ओक्लाहोमा सिटीला गेला. ४१ वर्षांची सोबत सुटली. २०१२ मध्ये ख्रिस हॅन्सन या गुंतवणूकदाराने बंदराजवळच्या औद्योगिक भागात नवं क्रीडागृह बांधण्याचा प्रस्ताव मांडला. तिथे दोन स्टेडियम आधीच होती.

बंदराचं म्हणणं साधं होतं. धक्क्यावरून रेल्वे यार्डाकडे जाणारे कंटेनरचे ट्रक सामन्यांच्या गर्दीत अडकतील. आज क्रीडागृह, उद्या हॉटेलं. जमिनीचे भाव चढतील आणि कारखान्यांना तिथे राहणं परवडणार नाही. गोदी कामगारांची संघटनाही बंदराच्या बाजूने उभी राहिली.

२ मे २०१६ रोजी नगर परिषदेने क्रीडागृहासाठी रस्त्याचा तुकडा द्यायला ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. नकार देणाऱ्या पाचही स्त्रिया होत्या. त्यांना गलिच्छ शिवीगाळ सोसावी लागली. पुढे १९६२ च्या जागतिक प्रदर्शनातल्या इमारतीचं छप्पर तसंच राखून त्याखाली नवं क्रीडागृह उभं राहिलं. २०२१ मध्ये ते खुलं झालं.

चाहत्यांचं दुःख मला कळतं. पण श्रोतेहो, मैदान दुसरीकडे नेता येतं. खोल पाण्याचा किनारा नेता येत नाही. ज्याला दुसरी जागाच नाही, त्याचं म्हणणं आधी ऐकावं.